ठिपका हलवायची ऑर्डर नव्हती

साहेब, तुम्ही मला अकरा वर्षं खोटं बोलायला लावलंत.

नाव घेत नाही. तुमच्या त्या खुर्चीत आतापर्यंत तीन माणसं बसून गेली आणि तिघांनाही लोक साहेबच म्हणाले. म्हणून मी खुर्चीशीच बोलतो. माणसं बदलतात, खुर्ची ऐकत असते. रोज शेकडो माणसं माझ्यापुढे उभी राहायची, माझ्यावर विश्वास ठेवायची आणि चुकीच्या रस्त्याला लागायची. शिव्या मला बसायच्या. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

मित्रांनो, तुम्ही दचकू नका. राग तुमच्यावर नाही. मी एक जुना नकाशा आहे. घडीचा, खिशातला नव्हे, पत्र्याचा. तटबंदी असलेल्या एका जुन्या शहराच्या दरवाजाबाहेर दोन लोखंडी पायांवर मी उभा आहे. मी शाळेत गेलो नाही. अंगावर जेवढी नावं लिहिली आहेत तेवढी अक्षरं मला येतात, बाकीची भाषा येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या तोंडून उभ्या उभ्या शिकलो. त्यामुळे मला गोड बोलता येत नाही. गोड बोलणारे फलक पुढच्या चौकात आहेत. त्यांच्यावर ‘स्वागत’ लिहिलेलं असतं, दुसरं काहीच नसतं.

माझा जन्म चौतीस वर्षांपूर्वी एका पेंटरच्या हातून झाला. त्याच्याकडे फूटपट्टी होती, पण रस्ते मोजायचं यंत्र नव्हतं. तो पावलांनी शहर मोजायचा. उजव्या खिशात बटणं भरायची, शंभर पावलं झाली की एक बटण डाव्या खिशात टाकायचं. गल्ली संपली की डाव्या खिशातली बटणं मोजायची आणि वहीत लिहायचं. कोणी मधेच ‘काय चाललंय?’ विचारलं तर उत्तर द्यायचा नाही, कारण आकडा चुकला की पुन्हा गल्लीच्या तोंडापासून सुरुवात. लोक त्याला शिष्ट समजले. बटणं बायकोच्या डब्यातली होती. ती म्हणायची, “सदऱ्याला एक बटण नाही आणि खिशात पाव किलो घेऊन हिंडताय!” मला रंगवताना त्यानंच हे मोठ्यानं हसत कोणाला तरी सांगितलं होतं, म्हणून मला ठाऊक.

पत्र्यावर काचेच्या भुकटीचे रंग लावून मला भट्टीत भाजलं. असा रंग उन्हानं उडत नाही, पाण्यानं जात नाही, घासून निघत नाही. भट्टीत घालण्याआधी पेंटरनं शेवटचं काम केलं. ब्रश बाजूला ठेवला, अंगठा लाल रंगात बुडवला आणि दक्षिण दरवाजापाशी दाबला. शेजारी लिहिलं, ‘आपण इथे आहात’. तोच माझा लाल ठिपका. बाकीचं सगळं शहर ब्रशनं काढलेलं, एवढाच काय तो माणसाचा ठसा.

मला दक्षिण दरवाजाबाहेर उभं केलं. तेवीस वर्षं मी तिथे ताठ मानेनं उभा होतो. गाडीतून उतरलेला माणूस आधी माझ्याकडे यायचा, ठिपक्यावर बोट ठेवायचा आणि मग निघायचा. घड्याळाचा मनोरा, तळं, जुनी कचेरी, आणि सगळ्यांना बघायचा असतो तो चित्रमहाल, ज्याच्या छतावर आभाळापेक्षा जास्त रंग आहेत म्हणतात. एक गाइडबाई तर फेरी माझ्यापासूनच सुरू करायच्या. म्हणायच्या, “या शहरात हा एकच माणूस असा आहे, जो खरं तेच सांगतो.” मला माणूस म्हणाल्या! त्या दिवशी माझ्यावर पावसाचं पाणी होतं म्हणून बरं, नाहीतर लोकांना वाटलं असतं फलक रडतोय.

मग गाड्यांचा थांबा बदलला. दक्षिणेचा रस्ता अरुंद, म्हणून थांबा उत्तर दरवाजाकडे नेला. योग्यच होतं. पर्यटक तिकडे उतरणार तर फलकही तिकडे हवा, हेही योग्यच. एका सकाळी गवंडी आला, माझे पाय उकरले, मला हातगाडीवर आडवं घातलं आणि उत्तर दरवाजाबाहेर नेऊन पुन्हा उभं केलं. दोन्ही दरवाजे जुळे भाऊ. तीच कमान, तेच दगड, वरचं कोरलेलं नाव दोघांचंही झिजलेलं. गवंड्यानं सिमेंट थापलं, थापी पुसली, मागे सरून माझ्याकडे बघितलं आणि डोकं खाजवलं.

“साहेब,” तो म्हणाला, “हा ठिपका खालच्या दरवाजावर आहे. आपण तर वरच्याला आलो.”

साहेब जीपमध्येच बसून होते. उंटावरून शेळ्या हाकणारे पुष्कळ बघितलेत, हे जीपमधून हाकत होते. त्यांनी मांडीवरचा कागद वाचला, उलटा करून मागची बाजूही वाचली.

“ऑर्डर फलक हलवायची आहे. ठिपका हलवायची नाही.”

“पण साहेब, लोक चुकतील.”

“तू गवंडी आहेस की भूगोलाचा मास्तर?”

गवंड्यानं थापी पिशवीत टाकली. जीप गेली. आणि त्या सकाळपासून मी खोटारडा झालो.

नुसता ठिपकाच चुकला असं नाही. दक्षिण दरवाजातून शहरात शिरताना जे डावीकडे, ते उत्तर दरवाजातून शिरताना उजवीकडे येतं. त्यामुळे तळं बघायला निघालेली माणसं गुरांच्या दवाखान्यात पोचायला लागली. एक नवं जोडपं जुनी कचेरी समजून तासभर बर्फाच्या कारखान्याचे फोटो काढत होतं. परत येऊन माझ्यापुढे भांडलं, “मी म्हणत होते ना!” “तू काहीच म्हणत नव्हतीस!” कोणी माझ्या पोटावर लाथ मारली, त्याचा पोचा अजून आहे. मी सहन केलं. लाथ मारणाऱ्याचा राग खरा होता, पत्ता तेवढा चुकला होता.

तुम्ही विचाराल, अकरा वर्षांत कोणी तक्रार केली नाही? हीच तर मेख आहे. गावातला माणूस नकाशा वाचत नाही आणि नकाशा वाचणारा परवा आपल्या गावी निघून जातो. शिवाय तक्रार नोंदवायची खिडकीसुद्धा माझ्यावरच दाखवली आहे. माझ्या भरवशावर ती कोणालाही सापडत नव्हती. मग साहेबांच्या अहवालात दरवर्षी एक ओळ यायची, ‘पर्यटकांची एकही तक्रार नाही’. वा!

एकटी माझी कड घेणारी बाई म्हणजे समोरची शिवणवाली. तटाच्या भिंतीला लागून तिचं कपाटाएवढं दुकान आहे. पर्यटकांच्या बॅगांच्या तुटलेल्या चेन आणि पट्टे ती शिवून देते. दिवसातून वीस वेळा तिला मशीन थांबवून ओरडावं लागायचं, “अहो, तिकडे नाही! उलटं, उलटं!” मग स्वतःशीच पुटपुटायची, “मी शिवायला बसलेय की रस्ता सांगायला?” तिनं एक उपाय काढला. कापडावर खुणा करायच्या खडूनं ती माझ्यावर उत्तर दरवाजापाशी गोल काढायची. पण दर आठवड्याला तपासणी असे, आणि तिच्या आधी झाडणारे मामा फडकं घेऊन येत.

“मामा, पुसू नका हो. लोकांच्या सोयीसाठी आहे.”

“मला कळत नाही का ताई? पण फलकावर खडू दिसला तर माझी हजेरी जाते. ऑर्डर आहे.”

ते पुसायचे, ती काढायची. दोघांचं भांडण नव्हतं. पुसून झालं की मामा तिच्याच दुकानाच्या पायरीवर बसून चहा प्यायचे.

आता त्या तीन दिवसांचं सांगतो.

सकाळी नऊच्या गाडीतून एक म्हातारं जोडपं उतरलं. आजी पुढे, छत्री काखेत. आजोबा मागे, आजीच्या पिशवीचा बंद धरून. बंद धरून का, ते लगेच कळलं. त्यांना समोरचं तेवढं दिसायचं, आजूबाजूचं नाही. नळीतून बघावं तसं. काचबिंदू. एक डोळा गेला होता, दुसऱ्याबद्दल डॉक्टरांनी सांगितलं होतं, बघायचं ते या वर्षात बघून घ्या.

आजोबा रंगारी होते. घरं रंगवायचे. “बाई,” ते आजीला म्हणाले. आजी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवत होत्या, म्हणून नवराही त्यांना बाईच म्हणायचा. “बाई, पन्नास वर्षं मी लोकांची छतं पांढरी केली. मान मोडली पांढरं करून करून. एकदा कोणीतरी रंगवलेलं छत बघायचंय. मग डोळे मिटले तरी चालतील.”

“मिटायची घाई नको. आधी महाल कुठे आहे ते बघू द्या.”

चित्रमहाल सकाळी आठ ते अकरा उघडा असतो. पूर्वेच्या खिडक्यांतून ऊन आत येतं तेव्हाच छत उजळतं. त्यांचे दिवस तीनच होते. पहिला हा. दुसरा महालाच्या सुट्टीचा. तिसऱ्या दिवशी बारा वाजता परतीची गाडी.

बाईंनी माझ्या ठिपक्यावर बोट ठेवलं. “हे आपण. सरळ जायचं, दुसरी गल्ली डावीकडे, की आलाच. पाच मिनिटं. कोणाला विचारायलाही नको. चाळीस वर्षं नकाशे शिकवलेत, उगाच नाही.”

मित्रांनो, मला तोंड असतं तर मी तेव्हा बोंब मारली असती. नेमका खडू त्या सकाळीच पुसलेला. नेमकी शिवणवाली मशीनचा पट्टा आणायला गेलेली. दोघं कमानीतून आत गेली. आजोबा जाताना शीळ घालत होते.

परत आली ती एक वाजता. आजोबांच्या एका गुडघ्याला माती लागली होती. कुठेतरी पडले असणार. शीळ बंद होती. शिवणवालीचं दुकान अजून बंदच होतं. बाई पुन्हा माझ्यासमोर उभ्या राहिल्या. दुसरी गल्ली, डावीकडे. पुन्हा बोट फिरवलं. मग बोट खाली घेतलं आणि हळूच म्हणाल्या, “माझंच डोकं चालेनासं झालंय हो.”

“असं कसं? नकाशाच चुकला असेल.”

“नकाशा चुकत नाही. वाचणारा चुकतो. चाळीस वर्षं मुलांना हेच सांगितलं.”

“मग मुलांना एकदा चुकीचं सांगितलंत, त्यात काय!” आजोबा हसवायला बघत होते. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, “तुमचा एक दिवस मी घालवला.”

साहेब, हे तुमच्या अहवालात लिहा. रस्ता चुकला तर माणूस उशिरा का होईना पोचतो. पण तुमच्या चुकीपायी एक शहाणी बाई स्वतःला खुळी समजायला लागली. मला लाथेनं जेवढं लागलं नव्हतं तेवढं हे लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला बाई एकट्याच आल्या. झोपल्या नव्हत्या, चेहऱ्यावर दिसत होतं. माझ्यापुढे उभ्या राहिल्या, पण आज माझ्याकडे बघेनात. जमिनीकडे बघत होत्या. छत्री मिटून त्यांनी काठीसारखी उभी टेकली आणि तिच्या सावलीकडे टक लावली.

“सकाळची वेळ,” त्या स्वतःशी, पण वर्गात बोलावं तशा बोलल्या. “ऊन पूर्वेचं. मी दक्षिण दरवाजाशी, तोंड उत्तरेला. तर सावली माझ्या डाव्या हाताला पडली पाहिजे.”

सावली उजव्या हाताला पडली होती.

बाईंनी एकदा सावलीकडे बघितलं, एकदा कमानीकडे, एकदा माझ्याकडे. मग माझ्या छातीवर छत्रीची मूठ अशी काही ठोकली की तटावरची कबुतरं उडाली. “अरे लबाडा! हा उत्तर दरवाजा आहे!”

त्या क्षणी मला इतका आनंद झाला की काय सांगू. अकरा वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी मला तोंडावर लबाड म्हटलं, आणि तेही पुराव्यानिशी.

शिवणवाली मशीन सोडून धावत आली. “आजी, तेच सांगतेय मी! अकरा वर्षं सांगतेय!”

“आणि मी मूर्ख,” बाई म्हणाल्या, पण आता डोळे चमकत होते. “पहिल्या धड्यात शिकवते, नकाशा आधी दिशेला लावा, मग वाचा. मुलांना छड्या दिल्यात त्यासाठी. आणि स्वतः गाडीतून उतरले ती बोट ठेवून मोकळी! ते जाऊ दे. ती तक्रारीची खिडकी कुठे आहे?”

“आजवर बाहेरच्या कोणाला सापडली नाही. आणि आम्हा गावच्यांचा अर्ज तिथे घेत नाहीत.”

“मला सापडेल. आता उलटं वाचायचं, एवढंच ना?”

तासाभरात त्या परत आल्या आणि शिवणवालीच्या स्टुलावर बसून सगळं सांगितलं. खिडकीतला कारकून त्यांना बघून उभाच राहिला होता म्हणे. पहिला प्रश्न, “बाहेरच्या तुम्ही? इथपर्यंत कशा आलात?” तक्रारीचा छापील अर्ज कपाटाच्या तळातून काढावा लागला. त्यात एक रकाना होता, ‘ठिकाण (फलकावर दर्शविल्याप्रमाणे)’. बाईंनी लिहिलं, ‘उत्तर दरवाजा’. कारकुनानं ते खोडलं.

“खोडलं?” शिवणवालीचे डोळे मोठे झाले.

“म्हणाला, आजी, फलकावर दर्शविल्याप्रमाणे लिहायचं असतं. फलकावर ठिपका दक्षिण दरवाजाला आहे. नियम म्हणजे नियम. मी म्हटलं, बाळा, माझीच तक्रार तू मला उलटी शिकवतोस? तर म्हणाला, फॉर्म मी छापला नाही.” बाई पाणी प्यायल्या. “उत्तर यायचा पत्ता तुझ्या दुकानाचा दिलाय ग. चालेल ना?”

“धावेल!”

तिसऱ्या दिवशी सकाळी दोघं निघाली तेव्हा आठ वाजायचे होते. बाईंनी माझ्याकडे नुसती मान हलवली, वर्गातल्या द्वाड पोराला ओळख दाखवावी तशी. मी थांबलो. मला थांबण्याशिवाय येतं काय! पण तशी वाट मी कधी पाहिली नव्हती. नऊ वाजले. दहा. ढग आला आणि मी ढगालाही शिव्या दिल्या. तो गेला.

सव्वाअकराला कमानीतून आधी शीळ आली, मग आजोबा.

शिवणवालीनं स्टूल पुढे केलं. “काका, दिसलं?”

आजोबा बसले. मग म्हणाले, “मला नळीएवढंच दिसतं ना, पोरी. लोक एकदम सगळं छत बघतात आणि पाच मिनिटांत बाहेर पडतात. मी पाना-पानानं बघितलं. तीन तास. बाईंनी मागून मान धरली होती. वायव्येच्या कोपऱ्यात वेलीचं एक पान अर्धंच रंगवलंय, ठाऊक आहे कोणाला? अर्धं हिरवं, अर्धं नुसती रेघ. रंगारी जेवायला गेला असणार आणि आल्यावर विसरला. माझं असंच व्हायचं!” आणि ते इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं.

“अटेंडंटला दाखवलं,” बाई म्हणाल्या. “वीस वर्षं नोकरी करतोय, त्यानं बघितलंच नव्हतं. मग तोच स्टूल घेऊन आला यांच्यासाठी.”

गाडीला वेळ होता. आजोबा माझ्याजवळ आले, चेहरा अगदी टेकवून मला बघितलं. ठिपक्यावर बोट फिरवलं आणि थबकले. “बाई, हा ब्रशचा नाही. अंगठा आहे. रेषा बघा.” त्यांनी आपला अंगठा त्यावर ठेवला. चौतीस वर्षांत हजारो बोटं त्या ठिपक्यावर पडली. ओळखला तो एकट्यानं, आणि तोही कसा, तर उरल्यासुरल्या नजरेनं.

“हा खोडायचा नाही हं,” ते म्हणाले. “कारागिराची सही आहे. हा राहू दे. पोरी, एखादं लाल बटण आहे का? मोठं, कोटाचं?”

होतं. आजोबांनी पत्रा घासला, पुसला, सुकू दिला. रंगाऱ्याचं काम, घाई नाही. बाईंनी जागा दाखवली आणि चामडी पट्ट्यांना लावतात त्या डिंकानं बटण उत्तर दरवाजापाशी चिकटलं. खाली तेवढ्याच नीट अक्षरात बाईंनी पक्क्या शाईनं लिहिलं, ‘खरं इथे’. पेंटरच्या खिशातली बटणं मला आठवली. शंभर पावलांना एक. हे बटण अकरा वर्षांनी पडलं.

गाडी गेली. आठवड्यानं तपासणी आली आणि मामा फडकं घेऊन आले. शिवणवाली कात्री हातात धरून दारात उभी. मामांनी मला वरपासून खालपर्यंत पुसलं, बटणाभोवती गोल फिरवून फडकं नेलं आणि बटण उलट चकचकीत केलं.

“मामा?”

“ऑर्डर खडू पुसायची आहे, ताई. बटणाची नाही.”

मित्रांनो, बटण अजून आहे. माणसं बटणावर बोट ठेवतात आणि बरोबर पोचतात. चित्रमहालातून आलेले लोक हल्ली अर्ध्या पानाबद्दल बोलतात. मी पुन्हा ताठ उभा आहे. तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. कुठे रस्ता चुकलात तर लगेच स्वतःला खुळं म्हणू नका. आधी आपली सावली बघा. आणि चूक सापडली तर गप्प गावी जाऊ नका, मागून येणाऱ्यासाठी एक बटण लावून जा.

पण साहेब, तुम्ही जाऊ नका. तुमचं काम राहिलंय. गेल्या आठवड्यात शिवणवालीच्या दुकानी तुमचं पत्र आलं. तिनं माझ्यापुढे उभं राहून मोठ्यानं वाचलं, मामांनाही ऐकवलं. ‘तक्रारीत नमूद ठिकाणी, म्हणजे दक्षिण दरवाजा येथे, प्रत्यक्ष पाहणी केली असता सदर जागी कोणताही फलक आढळून आला नाही. सबब तक्रार निकाली काढण्यात येत आहे.’

मामा इतके हसले की चहा सांडला. मी नाही हसलो.

मी दक्षिण दरवाजाशी नाही, हे आता तुम्हीच सहीशिक्क्यानिशी लिहून दिलंत. उत्तर दरवाजाशी आहे, हे तुमचा कारकून लिहू देत नाही. शिवणवालीनं फोनवर कळवलं, तशी बाईंनी तिकडून दुसरा अर्ज टाकलाय, या वेळी तिनं धाडलेला माझ्यासकट सावलीचा फोटो जोडून. त्यात एकच प्रश्न आहे आणि तो माझा आहे. जन्मभर मी लोकांना ते कुठे आहेत ते सांगितलं. आता तुम्ही मला सांगा, आणि लेखी सांगा:

साहेब, मी कुठे आहे?